लॅटिस एन्थाल्पीची गणितं: आकृती पाठ न करता कशी सोडवायची

बॉर्न-हेबर सायकलचा, म्हणजे मोजता येणाऱ्या आकड्यांवरून लॅटिस एन्थाल्पी काढायचा, प्रश्न आला की बहुतेक जण आधी ती जिन्यासारखी आकृती आठवायला बसतात. कुठला बाण वर, कुठला खाली, डावीकडे काय, उजवीकडे काय. परीक्षेच्या गडबडीत एक बाण उलटा पडतो आणि पाच मार्क गेले. माझं स्पष्ट मत आहे की ती आकृती समजून घ्यायला चांगली आहे पण गणित सोडवायला तिची काही गरज नाही. दोन ओळींत काम होतं, फक्त त्या दोन ओळींआधी थोडी तयारी लागते, ती नीट केली तर मग नुसती बेरीज-वजाबाकी उरते.

आधी हे बघू की एवढा द्राविडी प्राणायाम करायचाच कशाला. लॅटिस एन्थाल्पी म्हणजे एक मोल आयनिक घन पदार्थ पूर्ण फोडून त्याचे सगळे आयन वायुरूपात एकमेकांपासून लांब नेऊन ठेवायला लागणारी ऊर्जा. आता हे प्रयोगशाळेत थेट करून बघता येत नाही, कारण मीठ तापवून वाफ केली तरी वाफेत सुटे आयन मिळत नाहीत, सोडियम क्लोराइडच्या जोड्याच फिरत असतात. म्हणून ज्या गोष्टी मोजता येतात त्यांच्यावरून ही काढायची. आधार हेसच्या नियमाचा, जो त्याने १८४० मध्ये मांडला: सुरुवात आणि शेवट तेच असतील तर वाट कुठलीही घ्या, एकूण एन्थाल्पी बदल (स्थिर दाबाला घेतलेली किंवा सोडलेली उष्णता) तोच. कर्जतहून लोणावळ्याला रेल्वेने बोरघाट चढा नाहीतर खोपोलीकडून गाडीने या, दोन ठिकाणांच्या उंचीतला फरक काही बदलत नाही, तसंच.

हा नियम आयनिक घनांना लावायचं काम मॅक्स बॉर्न आणि फ्रिट्झ हेबर यांनी १९१९ मध्ये केलं, आणि त्याच वर्षी काझिमिर फायान्सनेही तेच मांडलं, पण नावात त्याला बहुतेक पुस्तकं जागा देत नाहीत. हेबर म्हणजे अमोनिया बनवायची पद्धत काढणाराच हेबर. आणि बॉर्न पुढे १९३५-३६ मध्ये रामन यांच्या बोलावण्यावरून काही महिने बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये होता, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं. असो.

आता पहिलं काम, पेन उचलायच्या आधीचं. चिन्ह ठरवा. काही पुस्तकं लॅटिस एन्थाल्पी म्हणजे घन फोडायची ऊर्जा धरतात, मग ती प्लस येते. काही पुस्तकं वायुरूप आयनांपासून घन तयार होताना बाहेर पडणारी ऊर्जा धरतात, मग ती मायनस. एनसीईआरटी फोडायची धरते, प्लस. ब्रिटिश पद्धतीच्या पुस्तकांत बऱ्याचदा मायनस दिसते. दोन्ही बरोबर आहेत, आकडा तोच, फक्त दिशा उलटी. पण एका क्लासच्या नोट्स, दुसऱ्याच पुस्तकातला डेटा आणि तिसरीकडचा व्हिडिओ असं मिक्स केलं की गोंधळ ठरलेलाच. मी इथे सगळीकडे फोडायची ऊर्जा धरतोय, प्लस. तुमच्या पेपरला मायनस हवी असेल तर शेवटी फक्त चिन्ह बदला, मधे कुठेही हात लावू नका.

दुसरं काम, जिथे पोचायचंय ते समीकरण लिहा, अवस्थांसकट. मिठासाठी:

सोडियम क्लोराइड (घन) → सोडियम प्लस (वायू) + क्लोराइड मायनस (वायू)

कंसातलं घन-वायू लिहायचा कंटाळा करू नका, अर्ध्या चुका तिथूनच येतात.

आता मुख्य युक्ती. तिथे जायची लांबची वाट दोनच टप्प्यांची आहे. आधी घन पदार्थ मोडून मूलद्रव्यं करा, मग त्या मूलद्रव्यांपासून वायुरूप आयन करा. संपलं. पहिल्या टप्प्याचा खर्च म्हणजे फॉर्मेशन एन्थाल्पी (मूलद्रव्यांपासून एक मोल पदार्थ बनतानाचा एन्थाल्पी बदल) उलट्या चिन्हाने. दुसऱ्या टप्प्याचा खर्च म्हणजे बाकी उरलेल्या सगळ्या आकड्यांची सरळ बेरीज, प्रत्येकाच्या स्वतःच्या चिन्हासकट. म्हणजे सूत्र काय झालं:

लॅटिस एन्थाल्पी = (उलट्या चिन्हाची फॉर्मेशन एन्थाल्पी) + (आयन बनवायचा एकूण खर्च)

एकच आकडा उलटा करायचा, बाकी एकालाही नाही. हे एवढं डोक्यात बसलं की आकृती लागत नाही.

मिठाचं पूर्ण करून बघू. सोडियम साध्या तापमानाला घन धातू आहे, तो आधी वायू करायचा म्हणजे सब्लिमेशन, +१०८.४. मग त्या वायुरूप अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायचा, आयनायझेशन, +४९६. क्लोरीन दोन अणूंचा रेणू आहे आणि आपल्याला एकच अणू हवाय, म्हणजे अर्धा मोल रेणू फोडायचे. पूर्ण बाँड फोडायला २४२ लागतात, आपल्याला निम्मे, +१२१. मग क्लोरीनच्या अणूला इलेक्ट्रॉन द्यायचा, इथे ऊर्जा सुटते (हीच इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी), −३४८.६. सगळे आकडे किलोज्यूल प्रति मोल.

आयन बनवायचा खर्च: १०८.४ + ४९६ + १२१ − ३४८.६ = ३७६.८
मिठाची फॉर्मेशन एन्थाल्पी −४११.२, उलटी केली की +४११.२
लॅटिस एन्थाल्पी: ४११.२ + ३७६.८ = ७८८

झालं, +७८८.

इथे जरा थांबून त्या ३७६.८ कडे बघा, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच आहे आणि वर्गात त्याच्यावरून सगळे सरळ पुढे जातात. शाळेपासून आपल्याला सांगितलेलं असतं की सोडियमला एक इलेक्ट्रॉन नकोच असतो आणि क्लोरीनला एक हवाच असतो, मग देवाणघेवाण होते, दोघांचं अष्टक पूर्ण, दोघेही खूश. आकडे वेगळंच सांगतात. सोडियमकडून इलेक्ट्रॉन काढायला ४९६ मोजावे लागतात आणि क्लोरीनला तो दिल्यावर ३४८.६ परत मिळतात, म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीतच १४७.४ चा तोटा. वरून धातू उडवायचा आणि रेणू फोडायचा खर्च वेगळा. अष्टक पूर्ण झालं तरी हिशोब ३७६.८ ने तोट्यातच आहे. मीठ बनतं ते हे आयन एकमेकांना ओढून जाळीत बसतात तेव्हा ७८८ परत मिळतात म्हणून, आणि त्या ७८८ मधून तोटा वजा जाऊन जे ४११.२ उरतात तीच मिठाची फॉर्मेशन एन्थाल्पी.

आता जिथे खरी गंमत, म्हणजे खऱ्या चुका होतात तिकडे जाऊ: मॅग्नेशियम क्लोराइड. यात क्लोराइड दोन आहेत आणि मॅग्नेशियमवर दोन चार्ज. मॅग्नेशियम वायू करायला १४८. पहिला इलेक्ट्रॉन ७३८, दुसरा १४५१, दोन्ही धरायचे, नुसता दुसरा नाही. क्लोरीनचे दोन अणू हवेत म्हणजे पूर्ण एक मोल रेणू फोडायचे, तर इथे २४२ पूर्ण, निम्मे नाही. आणि इलेक्ट्रॉन दोन क्लोरीनना द्यायचे म्हणून −३४९ दोनदा, −६९८.

खर्च: १४८ + ७३८ + १४५१ + २४२ − ६९८ = १८८१
फॉर्मेशन −६४१, उलटी +६४१
लॅटिस: २५२२

प्रश्नात क्लोरीनचा आकडा कुठल्या नावाने दिलाय ते दोनदा वाचा. बाँड एन्थाल्पी २४२ दिली असेल तर ती एका रेणूची, म्हणजे दोन अणूंची. ॲटमायझेशन एन्थाल्पी १२१ दिली असेल तर ती एका अणूची. मिठात पहिली निम्मी करायची, दुसरी तशीच. मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये पहिली तशीच, दुसरी दुप्पट. पेपर काढणाऱ्यांना हे माहीत असतं आणि ते मुद्दाम नाव बदलून देतात.

तसाच घोळ इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी आणि इलेक्ट्रॉन ॲफिनिटीचा. काही पुस्तकांत ॲफिनिटी म्हणजे सुटणारी ऊर्जा, म्हणून प्लस ३४९ असं छापलेलं असतं. ते तसंच बेरजेत टाकलं तर उत्तर पार आभाळात जातं. क्लोरीनने पहिला इलेक्ट्रॉन घेतला की ऊर्जा सुटते हे पक्कं लक्षात ठेवा आणि पुस्तकात काहीही चिन्ह असो, आपल्या बेरजेत ती मायनसच जाणार.

ऑक्साइडला मात्र हे उलटतं. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन द्यायचे. पहिला देताना −१४१, ठीक. पण दुसरा देताना आधीच मायनस झालेल्या आयनात अजून एक मायनस कोंबायचाय, ते एकमेकांना ढकलतात, म्हणून +७९८ लागतात. हा दुसरा आकडा पुस्तकागणिक बराच बदलतो, तुमच्या प्रश्नात जो दिलाय तोच वापरायचा.

खर्च: १४८ + ७३८ + १४५१ + २४९ − १४१ + ७९८ = ३२४३
फॉर्मेशन −६०२, उलटी +६०२
लॅटिस: ३८४५

(२४९ हा ऑक्सिजनच्या एका अणूचा आकडा आहे, पूर्ण रेणूचे ४९८.)

मिठाच्या जवळजवळ पाचपट. मीठ ८०१ अंश सेल्सियसला वितळतं आणि मॅग्नेशियम ऑक्साइड २८०० च्याही वर, म्हणून तर पोलाद वितळवायच्या भट्ट्यांना आतून लावायच्या विटा त्याच्या असतात.

हेच सूत्र उलटं फिरवून एक प्रश्न सोडवता येतो, तो मला फार आवडतो: सोडियम दोन इलेक्ट्रॉन का देत नाही? "कारण अष्टक मोडतं" हे उत्तर म्हणजे प्रश्नच पुन्हा सांगितल्यासारखं झालं. आकडे टाकून बघा. समजा सोडियमचा डायक्लोराइड असताच आणि त्याची लॅटिस एन्थाल्पी मॅग्नेशियम क्लोराइडएवढीच, २५२२, धरली. सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ४५६२ लागतात. मग खर्च १०८.४ + ४९६ + ४५६२ + २४२ − ६९७.२ = ४७११.२, त्यातून जाळीने परत दिलेले २५२२ वजा केले तरी फॉर्मेशन एन्थाल्पी +२१८९ च्या आसपास. एवढा तोट्यातला पदार्थ बनणारच नाही. सोडियम दोन चार्जवाला होऊच शकत नाही असं काही नाही, फक्त जाळी ती किंमत भरून देऊ शकत नाही.

मग लगेच पुढचा प्रश्न: मॅग्नेशियमने एकच इलेक्ट्रॉन देऊन मोनोक्लोराइड का करू नये, स्वस्तात? इथे जाळी मिठाएवढी धरा, ७८८. खर्च १४८ + ७३८ + १२१ − ३४८.६ = ६५८.४, वजा ७८८, फॉर्मेशन सुमारे −१३०. अरे, हे तर मायनस आलं, म्हणजे बनायला हवं ना? इथेच बरेच जण अडकतात. बनायला हरकत नाही पण टिकणार नाही, कारण दोन मोल मोनोक्लोराइडचे मिळून −२६० होतात आणि त्यांच्यापासून एक मोल मॅग्नेशियम क्लोराइड (−६४१) आणि एक मोल मॅग्नेशियम धातू (शून्य) झाला तर अजून ३८१ सुटतात. म्हणून तो लगेच तसा फुटणार. एखादा पदार्थ मूलद्रव्यांपेक्षा स्थिर आहे एवढं बघून चालत नाही, त्याच्या शेजारी अजून स्थिर काय आहे तेही बघावं लागतं.

बऱ्याच प्रश्नांत आकडे दिलेलेच नसतात, नुसतं क्रम लावा म्हणतात. तिथे दोन गोष्टी बघायच्या आणि याच क्रमाने: आधी चार्ज, मग आकार. दोन्ही चार्जचा गुणाकार करा. मिठात एक गुणिले एक, मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये दोन गुणिले दोन म्हणजे चारपट. गुणाकार सारखा आला तरच आकाराकडे जा, लहान आयन म्हणजे जवळ बसतात म्हणजे ओढ जास्त. सोडियमच्या हॅलाइड्समध्ये फ्लोराइडची लॅटिस एन्थाल्पी ९२० च्या आसपास, आयोडाइडची ७०० च्या आसपास, आणि वितळायचं तापमानही त्याच ओळीने उतरतं: फ्लोराइड ९९३, क्लोराइड ८०१, ब्रोमाइड ७४७, आयोडाइड ६६१ अंश.

आणि अंदाजे आकडाच हवा असेल, थर्मोकेमिकल डेटा काहीच नसेल, तर कापुस्तिन्स्कीचं समीकरण आहे, ते एन्ट्रन्सला सहसा विचारत नाहीत पण बीएस्सीला लागतं. १२०२०० ला सूत्रातल्या आयनांच्या संख्येने आणि दोन्ही चार्जने गुणा, आयनांच्या त्रिज्यांच्या बेरजेने (पिकोमीटरमध्ये) भागा, मग (१ − ३४.५ भागिले तीच बेरीज) ने गुणा. मिठाला आयन दोन, त्रिज्या १०२ आणि १८१, बेरीज २८३. उत्तर येतं ७४६ च्या आसपास. खऱ्या ७८८ पेक्षा पाचेक टक्के कमी, पण नुसत्या त्रिज्यांवरून एवढं मिळतंय म्हणजे भारीच. असं गणिताने काढलेलं उत्तर आणि सायकलवरून आलेलं उत्तर जिथे जास्तच वेगळं पडतं, उदाहरणार्थ सिल्व्हरच्या हॅलाइड्समध्ये, तिथे बाँड पूर्ण आयनिक नाही, त्यात कोव्हॅलंटपणा मिसळलाय असं समजायचं. हे दोन मार्कांचं हक्काचं वाक्य आहे.

आता विरघळण्याबद्दल. घन पाण्यात टाकला की जाळी फोडायला लॅटिस एन्थाल्पी लागते आणि आयनांना पाण्याच्या रेणूंनी घेरलं की हायड्रेशन एन्थाल्पी सुटते, दोघांची बेरीज म्हणजे सोल्यूशन एन्थाल्पी. मिठासाठी ७८८ − ७८४ = +४. बघा, दोन अवाढव्य आकड्यांच्या वजाबाकीतून एवढंसं उत्तर, म्हणजे ७८८ मध्ये अर्ध्या टक्क्याची चूक झाली तर सगळं उत्तरच गायब. म्हणून प्रत्यक्षात हे असं काढत नाहीत, सरळ थर्मामीटरने मोजतात. थर्माकोलचा कप घ्या, १०० मिली पाणी, तापमान लिहा, त्यात ७.४५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड टाकून ढवळा, चारेक अंशांनी उतरतं कारण त्याची सोल्यूशन एन्थाल्पी +१७ च्या आसपास आहे. तेच ५.८५ ग्रॅम मिठाने केलं तर एक अंशही धड उतरत नाही. कॅल्शियम क्लोराइड उलट गरम होतं, त्याची −८० च्या आसपास आहे. आणि +४ असूनही मीठ विरघळतं का, तर एन्ट्रॉपीमुळे, जाळीतून सुटलेले आयन पसरायला मोकळे होतात, त्या फायद्यापुढे हे ४ काहीच नाहीत.

यावरून एक गैरसमज आठवला. पॉट आइस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ टाकतात, आणि लोक सांगतात की मीठ विरघळताना उष्णता खेचतं म्हणून आइस्क्रीम गोठतं. हिशोब करा. एक मोल म्हणजे ५८.५ ग्रॅम मीठ विरघळताना जेमतेम ४ किलोज्यूल खेचणार, आणि तेवढाच, ५८.५ ग्रॅम बर्फ वितळताना साडेएकोणीस किलोज्यूल खेचतो. त्यात पॉटमध्ये बर्फ मिठाच्या कितीतरी पट असतो. थंड करायचं काम वितळणारा बर्फच करतो, मीठ फक्त त्याला शून्याच्या खाली, पार −२१ पर्यंत, वितळत राहायला भाग पाडतं.

लॅटिस एनर्जी आणि लॅटिस एन्थाल्पी यांत नेमका फरक काय असं विचारलं तर: मिठात घनापासून दोन मोल वायू तयार होतात, म्हणून एन्थाल्पी ही एनर्जीपेक्षा २ × आर × टी ने जास्त (आर म्हणजे वायू स्थिरांक, टी म्हणजे केल्व्हिनमधलं तापमान), साध्या तापमानाला सुमारे ५ किलोज्यूल. गणितात कोणी धरत नाही, व्हायव्हात विचारतात.

शेवटी एक तुम्ही करा, पोटॅशियम ब्रोमाइड. फॉर्मेशन −३९४, पोटॅशियम वायू करायला ८९, आयनायझेशन ४१९, ब्रोमीनचा बाँड १९३, ब्रोमीनची व्हेपरायझेशन एन्थाल्पी ३१, इलेक्ट्रॉन गेन −३२५. ब्रोमीन साध्या तापमानाला द्रव आहे, त्यामुळे रेणू फोडायच्या आधी त्याची वाफ करावी लागते, तीही अर्ध्याच मोलची. उत्तर ६८९ यायला हवं. ६७३.५ आलं तर वाफेची पायरी सुटली. ८०१ आलं तर ब्रोमीनचे दोन्ही आकडे निम्मे करायचे राहिले. १३३९ आलं तर इलेक्ट्रॉन गेनचं चिन्ह उलटं पडलंय. आणि मायनस ९९ आलं असेल तर फॉर्मेशन एन्थाल्पी उलटी करायची राहिली, तेवढी एकच उलटी करायची होती.